इंद्रलाल रॉय आणि त्याचं एसई५ए : प्रकल्पाच्या नोंदी

१ जून

ठरलं एकदाचं. मॉडेल एसई५ए या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचंच करायचं, स्केल १/८, म्हणजे खऱ्या विमानाचा पंख ८.११ मीटर आणि आपला साधारण एक मीटर, लांबी ८० सेंटीमीटर. टेबलावर मावतं आणि लांबून बघणाऱ्यालाही नीट दिसतं. सोबत माहितीची पाच पॅनल, शाळेत लावायला. विषय इंद्रलाल रॉय, जन्म २ डिसेंबर १८९८ कलकत्ता, मृत्यू २२ जुलै १९१८ फ्रान्सच्या आकाशात. वय १९ वर्षं ७ महिने २० दिवस.

त्याच्याबद्दल कुठेही वाचायला गेलं की पहिली ओळ तीच असते, १३ दिवसांत १० विमानं पाडली, पहिला भारतीय एस (म्हणजे शत्रूची पाच किंवा जास्त विमानं पाडणारा पायलट). ते खरंच आहे आणि मोठंच आहे, पण मला त्या १३ दिवसांच्या आधीचे सात महिने जास्त दाखवायचेत. डिसेंबर १९१७ मधे जवळजवळ मेलेला, मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवलेला मुलगा परत तेच विमान उडवायला कसा गेला, हा सगळा प्रकल्प त्याच्यासाठीच आहे.

४ जून

बाल्सा आणि १.५ मिमी प्लाय आला. फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, फॉर्मर (आतल्या चौकटी) कापून झाल्या. हे विमान बघायला अगदी खोक्यासारखं आहे, सरळ बाजू, चौकोनी नाक, पुढे सपाट रेडिएटर. त्याच काळातलं सॉपविथ कॅमल गोलसर आणि देखणं, पण कॅमलचं रोटरी इंजिन स्वतःच गरगर फिरायचं आणि नवख्या पायलटला ते विमान भोवऱ्यासारखं एका बाजूला ओढायचं, ट्रेनिंगमधेच कित्येक पोरं गेली त्याच्यापायी. एसई५ए चं इंजिन पाण्याने थंड होणारं व्ही-८, २०० हॉर्सपॉवर, हिस्पानो-सुइझा किंवा वुल्झली वायपर. स्थिर विमान. सूर मारताना पंख तुटायची भीती कमी आणि वेग ताशी २२० किमीच्या आसपास. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीचं डिझाइन.

पंखांना ५ अंशाचा डायहेड्रल आहे, समोरून बघितलं की टोकं वर उचललेली दिसतात. जिग (जोडताना भाग धरून ठेवणारा साचा) करताना हा कोन नीट धरायलाच हवा, नाहीतर एसई५ए ची सगळी चाल जाते.

७ जून

आज लाकूडकाम नाही, पॅनल १ चा मजकूर.

वडील पियेरालाल रॉय, बॅरिस्टर, घराणं बारिसालकडचं जमीनदार, आता तो भाग बांगलादेशात. आई ललिता रॉय. या बाईंवर खरं तर वेगळं प्रदर्शन व्हायला पाहिजे. मुलांना घेऊन लंडनला राहिल्या, आणि १७ जून १९११ ला लंडनमधे बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी जो प्रचंड मोर्चा निघाला त्यात भारतीय बायकांची जी तुकडी होती त्यात या पुढे होत्या. साडी नेसून, हत्तीचं चिन्ह असलेला झेंडा घेऊन. तेव्हा इंद्रलाल साडेबारा वर्षांचा. आजोबा, म्हणजे आईचे वडील, सूर्यकुमार गुडीव चक्रवर्ती, पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या अगदी पहिल्या भारतीय डॉक्टरांपैकी एक. थोरला भाऊ परेशलाल बॉक्सर, युद्धात तोही गेला होता, ऑनरेबल आर्टिलरी कंपनीत, आणि पुढे भारतीय बॉक्सिंगचा जनक म्हणून त्याचं नाव झालं.

म्हणजे हा घाबरून गप्प बसणाऱ्यांच्या घरातला मुलगाच नव्हता. शाळा हॅमरस्मिथची सेंट पॉल्स, तिथे कॅडेट होता. घरातलं लाडकं नाव लॅडी.

पॅनलवर एकेरीतच लिहायचं ठरवलंय, तो इंद्रलाल. १९ वर्षांच्या मुलाला ‘ते’ म्हटलं की तो फोटोफ्रेममधे जाऊन बसतो, आणि मला तो वाचणाऱ्या पोरांच्या शेजारी बसायला हवाय.

८ जून

कालच्यात भर. भरतीचा किस्सा असा सांगतात की रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या हवाई शाखेने, आधी त्याला डोळे कमजोर म्हणून नाकारलं, मग त्याने स्वतःची मोटरसायकल विकली आणि त्या पैशातून एका मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून परत तपासून घेतलं, आणि त्या रिपोर्टवर निर्णय फिरला. पॅनलवर ‘असं सांगतात’ हे शब्द ठेवूनच घेतेय.

एप्रिल १९१७ ला भरती, ५ जुलै १९१७ ला सेकंड लेफ्टनंट. फ्रान्समधे व्हांदोमला उड्डाणाचं ट्रेनिंग, स्कॉटलंडला टर्नबेरीला गनरी, म्हणजे मशीनगन चालवायचं ट्रेनिंग. ऑक्टोबरअखेर ५६ स्क्वाड्रन.

इथे एक गोष्ट पोरांना समजावून सांगावीच लागेल. भारतातून लाखो शिपाई त्या युद्धात गेले, फ्रान्सच्या चिखलात, मेसोपोटेमियात, गॅलिपोलीला, पण लढाऊ पलटणीत गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचं किंग्ज कमिशन भारतीयाला मिळत नव्हतं. ते दार ऑगस्ट १९१७ मधे कुठे किलकिलं झालं, तेही नऊ जणांपुरतं. आणि त्याच्या आधीच हे चार तरुण फ्लाइंग कोअरमधे अधिकारी म्हणून शिरले होते, हरदित सिंग मलिक, एरल सेन, इंद्रलाल रॉय आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. चौघंही इंग्लंडमधे शिकत होते म्हणून त्या दारापर्यंत पोचू तरी शकले हे खरंय, पण दार त्यांनाही कुणी आपणहून उघडलेलं नाही. मलिक आधी फ्रेंच रेड क्रॉसची अँब्युलन्स चालवत होता, वेलिंगकरांना तर म्हणे आधी मेकॅनिकची जागा देऊ केली होती.

१२ जून

वरच्या पंखाच्या रिब्स (फासळ्या) झाल्या, स्पारमधे (पंखाच्या लांब दांड्यात) बसवल्या, डोळ्यासमोर धरून बघितलं तर रांग सरळ आहे. रिब्सचं काम कंटाळवाणं वाटतं पण हात बसला की डोकं मोकळं राहतं आणि मजकुराचा विचार होतो.

५६ स्क्वाड्रनबद्दल. ही काही साधी तुकडी नव्हती, एसई५ घेऊन फ्रंटवर गेलेली पहिलीच. अल्बर्ट बॉल आणि जेम्स मॅकडन हे दोन नावाजलेले ब्रिटिश एस इथलेच. इंद्रलाल ‘ए’ फ्लाइटमधे, फ्लाइट कमांडर रिचर्ड मेबरी. अठरा वर्षांचा नवखा आणि आजूबाजूला असली माणसं. ६ डिसेंबर १९१७ ला तो एसई५ए घेऊन कोसळला, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी.

पुढचा किस्सा सगळीकडे वाचायला मिळतो, की तो बेशुद्ध होता, मेला समजून शवागारात नेऊन ठेवला, तिथे शुद्ध आली आणि आतून दार बडवत शाळेत शिकलेल्या मोडक्या फ्रेंचमधे ओरडला तर बाहेरचा माणूस घाबरून दारच उघडेना. माझी भाची पॅनल डिझाइन करतेय, तिला हा किस्सा प्रचंड आवडलाय आणि तिला तो मोठ्या चौकटीत पाहिजे. मी म्हटलं घेऊ, पण लहान. त्याच्यापुढचं जे आहे ते मोठं.

१३ जून

तर त्याच्यापुढचं. बरा होत होता तेव्हा तो विमानांची चित्रं काढायचा, आणि त्यातली बरीच स्केचेस आजही आहेत. मेडिकलवाल्यांनी उड्डाणाला अनफिट ठरवलं. म्हणजे सन्मानाने जमिनीवर राहायची पूर्ण सोय झाली होती. युद्ध संपेपर्यंत स्टोअर सांभाळलं असतं, घरी आईकडे गेला असता, आणि एकाही माणसाने बोट दाखवलं नसतं कारण कागदच तसा होता. या मुलाने वरिष्ठांच्या मागे लागून लागून परत उड्डाणाची परवानगी मिळवली.

हे मला ‘शौर्य’ असा एक शब्द लिहून संपवायचं नाहीये. ज्याने विमान कसं असतं हे फक्त पोस्टरवर बघितलंय तो उत्साहाने जातो, त्यात काही नवल नाही. पण ज्याला कोसळणं म्हणजे काय हे अंगावर कळलंय, ज्याचा फ्लाइट कमांडर मेबरी त्याच्या अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आत, १९ डिसेंबरला मारला गेला, तो परत त्याच कॉकपिटमधे बसायला धडपडतो तेव्हा तो सगळं माहीत असून जातो. पॅनल ३ पूर्ण या सात महिन्यांना. भाचीला सांगितलं, या पॅनलवर विमानाचा फोटो नको, एका पायलटच्या डोळ्यांपुढे काय काय असायचं तेवढंच ठेव, कंपास, उंचीचं घड्याळ, तेलाचं प्रेशर.

१९ जून

कॉकपिट आणि बंदुका.

एसई५ए ला दोन मशीनगन. एक व्हिकर्स, फ्यूजलाजवर डावीकडे, फिरत्या पंख्यामधून गोळ्या जाणारी. पंख्याची पाती आणि गोळी यांचं टायमिंग जुळवायला कॉन्स्टँटिनेस्को गिअर, तेलाच्या दाबाच्या लहरींवर चालणारा. दुसरी लुईस, वरच्या पंखाच्या डोक्यावर, पंख्याच्या वरून मारणारी, तिला टायमिंगची भानगडच नाही. पण तिच्या ड्रममधे ९७ गोळ्या, ड्रम संपला की पायलटने ती गन फॉस्टर माउंटच्या वाकड्या रुळावरून खाली ओढायची, एका हाताने रिकामा ड्रम काढायचा, नवीन बसवायचा, परत वर ढकलायची. हे सगळं उघड्या कॉकपिटमधे, ताशी दीडशे-दोनशे किमीच्या वाऱ्यात, काही हजार फुटांवर, जाड हातमोजे घालून, आणि मागे कोण आहे हे बघत बघत. दुसऱ्या हातात आणि गुडघ्यांत जॉयस्टिक.

तो रूळ १ मिमी पितळी तारेतून वाकवला. सोल्डर करून घासून काळा केला. माझ्या मते अख्ख्या मॉडेलमधे सगळ्यात बोलका भाग हाच आहे, म्हणून लुईस खाली ओढलेल्या अवस्थेत दाखवायची ठरवलीय. बघणाऱ्या मुलांना ती ‘हात वर कर आणि करून बघ’ असं सांगता येईल.

पेट्रोलची मुख्य टाकी पायलटच्या बरोबर समोर, इंजिनच्या मागे. लाकडाचा सांगाडा, वर डोप (कापड ताणून घट्ट करणारं लुकण) मारलेलं लिनन. आणि ब्रिटिश विमानाच्या पायलटला पॅराशूट नाही. फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना होतं, जर्मन पायलटना १९१८ च्या मध्यापासून मिळायला लागलं होतं, यांना नाही. मला हे लिहिताना राग येतो आणि तो पॅनलवर दिसला तरी चालेल.

२५ जून

कापड चढवलं, डोपचे हात दिले, वास घरभर. रंग वरून पीसी१०, खाकी आणि तपकिरीच्या मधला, खालून लिननचाच फिक्कट पिवळसर. पंखांवर राउंडेल, म्हणजे ब्रिटिश विमानांची रंगीत गोल खूण. रिगिंगच्या तारा खऱ्या विमानात चपट्या होत्या, हवेला कमी अडवणाऱ्या, म्हणून गोल तार न घेता स्टीलची पातळ पट्टी ओढतेय. वेळ जातोय पण फरक दिसतो.

२७ जून

आज वेलिंगकरांची तारीख. २७ जून १९१८ ला ते २३ स्क्वाड्रनचं सॉपविथ डॉल्फिन घेऊन गस्तीवर गेले ते परत आलेच नाहीत. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला त्यांच्याकडेच वारले. जर्मनांनी पुरलं, पण क्रॉसवर नाव भलतंच लागलं, त्यामुळे घरच्यांना कितीतरी काळ पत्ताच नाही. युद्ध संपल्यावर शोधाशोध होऊन ती कबर त्यांचीच हे पक्कं झालं, आणि आता ते फ्रान्समधे हांगारच्या स्मशानभूमीत आहेत. मुंबईची ती आई तेवढी सगळी वर्षं काय करत असेल.

इंद्रलालच्या प्रदर्शनात यांना कोपरा द्यायचा होता, पण कोपरा पुरणार नाही. यांच्यासाठी वेगळं काम.

६ जुलै

त्याचं पहिलं यश याच तारखेचं, १९१८, फ्रान्समधल्या द्रोकूरच्या वर, हॅनोव्हर जातीचं एक जर्मन विमान. म्हणून पॅनल ४ आजच लिहायला घेतलं.

जून १९१८ मधे तो ४० स्क्वाड्रनला आला. तोवर फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र होऊन १ एप्रिलला रॉयल एअर फोर्स झाली होती. फ्लाइट कमांडर आयरिश, जॉर्ज मॅकेलरॉय. तारखा अशा : ६ जुलैला एक, ८ जुलैला चार तासांच्या आत तीन, १३ ला दोन, १५ ला दोन फोकर डी-७ (जर्मन लढाऊ विमानं), १८ ला एक डीएफडब्ल्यू (हेही जर्मन), १९ ला काग्निकूरच्या वर अजून एक हॅनोव्हर.

दहापैकी पाच हॅनोव्हर, आणि हे विमान समजून घ्यायला हवं. दोन माणसांचं, पण आकाराने छोटं, लांबून एकसीटी वाटायचं. पायलट बिनधास्त मागून जवळ जायचा आणि मग कळायचं की मागच्या सीटवर मशीनगन घेऊन माणूस बसलाय. त्याचं शेपूटही दुमजली केलेलं, म्हणजे रुंदी कमी आणि मागच्या गनरला गोळ्या मारायला जागा जास्त. अशा विमानाला पाडायचं तर खालून, त्याच्या शेपटीच्या आडोशाने, वर चढत यायचं. नुसत्या धाडसाने हे होत नाही, थंड डोकं लागतं, आणि मॅकेलरॉयसारखा शिकवणारा लागतो.

आता आकडा. मेडलच्या सरकारी मजकुरात तेरा दिवसांत नऊ विमानं म्हटलंय, नंतरच्या यादीत दहा. भाची विचारते मावशी नक्की किती लिहू. मी तिला सांगितलं की त्या काळात मोजायची पद्धतच अशी होती, काही विमानं पडलेली डोळ्यांनी दिसायची, काही ‘आउट ऑफ कंट्रोल’ म्हणजे गिरक्या घेत खाली गेली एवढंच दिसायचं, काही दोघातिघांनी मिळून पाडलेली आणि प्रत्येकाच्या खात्यावर एक. दहा लिही, पण खाली छोट्या अक्षरात ही पद्धत लिही. आणि हेही लिही की त्या प्रत्येक हॅनोव्हरमधे दोन माणसं होती, बहुतेक याच्याच वयाची. हे लिहिल्याने इंद्रलाल कमी होत नाही.

११ जुलै

पॅनल ५ साठी मी जुलै १९१८ चं कॅलेंडर काढलं, नुसत्या तारखा आणि नावं, आणि काढताना हात थांबला.

९ जुलै, जेम्स मॅकडन, २३ वर्षं, नव्या स्क्वाड्रनचा ताबा घ्यायला जाताना टेकऑफनंतर अपघात. १४ जुलै, क्वेंटिन रूझवेल्ट, २० वर्षं, अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा धाकटा मुलगा. २२ जुलै, इंद्रलाल. २६ जुलै, मिक मॅनॉक, हाही ब्रिटिश एस, ३१ वर्षं, पूर्वी ४० स्क्वाड्रनमधेच होता. ३१ जुलै, मॅकेलरॉय, २५ वर्षं. मॅनॉक आणि मॅकेलरॉय दोघांनाही जमिनीवरून आलेल्या गोळ्यांनी घेतलं.

इतक्या जवळजवळच्या तारखा. इंद्रलालला शिकवणारा त्याच्यामागे नऊ दिवस जगला. आपण हवाई युद्ध म्हटलं की सरदारांची द्वंद्वयुद्धं डोळ्यासमोर आणतो आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांनीही तसंच रंगवलं, पण मेसमधे रोज एखादी खुर्ची रिकामी होत असताना जेवायला बसायचं आणि पहाटे परत उठायचं हे त्या पोरांचं खरं रूटीन होतं. कॅलेंडर जसंच्या तसं छापायचं, वर एक वाक्यसुद्धा नको.

१५ जुलै

मॉडेल पूर्ण. विंडस्क्रीन, आल्डिस साइट (नेम धरायची नळी), एक्झॉस्ट पाइप लागले. रेडिएटरच्या पट्ट्या वेगवेगळ्या लावल्यामुळे नाक एकदम जिवंत वाटतं. स्टँडवर उजवा पंख जरा खाली, वळण घेताना दाखवलंय.

१७ जुलै

शेवटचा मजकूर. २२ जुलै १९१८, लान्सच्या ईशान्येला कार्व्हँ गावावर जर्मनांच्या यास्टा २९ (यास्टा म्हणजे लढाऊ स्क्वाड्रन) च्या फोकर डी-७ विमानांशी चकमक, त्यात तो गेला. डी-७ काय होतं हे एका गोष्टीवरून कळतं, शस्त्रसंधीच्या अटींत दोस्तांनी जी विमानं ताब्यात द्यायला सांगितली त्यात या एका जातीचं नाव घेऊन लिहिलंय. शस्त्रसंधीला चार महिनेही उरले नव्हते.

सप्टेंबर १९१८ मधे मरणोत्तर डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस), हे पदक मिळालेला पहिला भारतीय. ते पदकच मुळात जून १९१८ मधे सुरू झालेलं. कबर एस्तव्हेल गावच्या स्मशानभूमीत, दगडावर बंगालीत आणि फ्रेंचमधे मजकूर, महावीराची समाधी आहे, मान राखा, स्पर्श करू नका अशा अर्थाचा. कोलकात्याला भवानीपूरमधे त्याच्या नावाचा रस्ता आहे, डिसेंबर १९९८ ला जन्मशताब्दीचं पोस्टाचं तिकीट निघालं. नात्यातलेच सुब्रतो मुखर्जी पुढे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

त्याची आई पुढे काय म्हणाली असेल याबद्दल भाचीला काहीतरी भावुक वाक्य हवं होतं. घेतलं नाही. त्या बाईच्या तोंडी आपली वाक्यं घालायचा आपल्याला अधिकार नाही.

१९ जुलै

पॅनल प्रिंटला गेली. हेडिंगवरून शेवटपर्यंत चर्चा चालली होती. ‘१३ दिवस, १० विमानं’ काढलं. आता पॅनल १ वर फक्त नाव आणि दोन तारखा, आणि पॅनल ३ वर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘डिसेंबर १९१७ ते जून १९१८’. भाचीने ते लावून बघितलं आणि स्वतःच म्हणाली की मावशी हेच बरोबर आहे, कारण १० विमानं वाचून मुलं वाह म्हणून पुढे जातील आणि हे वाचून विचारतील की या महिन्यांत काय झालं.

२३ जुलै

काल शाळेच्या हॉलमधे लावलं. लुईस गनचा प्रयोग सगळ्यात चालला, एक हात गुडघ्याशी धरून दुसऱ्याने वरचं काहीतरी खाली ओढायचं, पोरं रांगेत करत होती. पॅराशूटवर सगळ्यात जास्त प्रश्न. एका सातवीतल्या मुलीने विचारलं की अनफिट होता तर त्याला परत जाऊ कसं दिलं, मोठ्या माणसांनी थांबवायला नको होतं का. यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि प्रश्न इतका रास्त आहे की पुढच्या वेळी तो पॅनल ३ च्या खाली तिच्याच शब्दांत छापायचा.

पुढचं काम : वेलिंगकरांचं डॉल्फिन, हीच स्केल. त्याचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकलेला आणि पायलटचं डोकं पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून वर येतं, त्यामुळे जिग नवीन करावा लागेल. पुढच्या २७ जूनच्या आत व्हायला हवं. उरलेला बाल्सा पुरतोय, प्लाय आणायचाय.